वकिलाच्या घरी कासवाची सोय

किस्से गोळा करायला कुठे लांब जावं लागत नाही. वकिलाच्या ओसरीवर एक गादी, एक उतरतं मेज आणि उघडे कान एवढं असलं की पुरे. मी महाडला नाना वकिलांकडे कारकून होतो. कोर्टात जे घडायचं ते मी कागदावर उतरवायचो आणि विसरायचो. घरात जे घडायचं ते कुठेच उतरवायचं नसे, म्हणून ते डोक्यात साचत गेलं. आता एक बाहेर काढलं की मागून दुसरं येतं. तुम्ही आज कासवाचं विचारलंत, तर कासवाचेच सांगतो. सगळे एकाच वर्षातले आहेत.

आधी नाना कळायला हवेत. नाना संशयी होते. थोडेथोडके नव्हेत. गवळ्यानं दूध घातलं की ते आधी गवळ्याच्या तोंडाकडे बघायचे आणि मग दुधाकडे. पोलादपूरकडचा एक पक्षकार एकदा हात जोडून म्हणाला, "साहेब, मी जा खरा हाय तेच सांगनार."

नानांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मग वकील कशाला केलास?"

नानांच्या पत्नी माई. त्यांचाही माणसांवर फारसा विश्वास नव्हता, पण त्यांची एक सोय होती. घरात माळ्यावर भात, भातामुळे उंदीर आणि उंदरांमुळे मांजरं. मनी नावाची पांढरी मांजरी आणि फौजदार नावाचा दांडगा बोका. माई म्हणायच्या, "माणसं खोटं बोलतात. मांजर बोलतच नाही." फौजदार माझ्या गादीवर झोपायचा आणि मी बसायला गेलो की माझ्याकडे असा बघायचा, की मीच कुणाच्या तरी गादीवर बसतोय. मला तो बोका कधीच आवडला नाही.

*

नानांनी आयुष्यात एकदाच संशय घेतला नाही, आणि तिथेच फसले.

त्यांच्या मुलाचं, दत्तूचं, लग्न ठरत होतं. दत्तू मुंबईला वकिलीच शिकत होता. मुलगी वरंधा घाटाच्या पलीकडची, भोराकडची. तिची आई लहानपणीच गेलेली, मामानं वाढवलेली. बैठक नानांच्या ओसरीवर बसली. नानांनी एकेक गोष्ट खोदून खोदून विचारली. भांडी पितळेची की नुसती मुलाम्याची, मुलीला जवळचं दिसतं ना, लांबचं दिसतं ना. शेवटी मामा जरा चाचरत म्हणाले, "आणि मुलीबरोबर एक कासव येईल. तिच्या आईचं आहे. त्याला घरात जागा द्यावी लागेल."

देवापुढे चांदीचं कासव ठेवायची रीत काही घरांत असते. नानांचे डोळे लकाकले. जास्त विचारलं तर मामांचा विचार बदलेल अशी त्यांना भीती वाटली असावी. ते घाईघाईनं म्हणाले, "घरात म्हणजे काय, चांगल्या जागी ठेवू. विष्णुपंत, तुम्ही साक्षीला आहात."

मी साक्षीला होतो.

वैशाखात लग्न लागलं. नव्या सुनेनं उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, आणि तिच्या मागून मामा एक झाकणाची टोपली घेऊन आत आले. नानांनी सगळ्यांच्या देखत स्वतः झाकण उघडलं. आतून पिवळ्या चांदण्यांची पाठ असलेल्या एका कासवानं मान लांब केली आणि नानांकडे पाहिलं.

"हे जिवंत आहे," नाना म्हणाले.

"मग मेलेलं कशाला देऊ?" मामा म्हणाले.

माई पदर सावरत पुढे झाल्या. दोन्ही मांजरं त्यांच्या पायांशी येऊन उभी राहिली होती. "असू दे," माई म्हणाल्या, "मागच्या पडवीत ठेवू या."

सुनेनं मान वर केली नाही. पण तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "घरात ठेवायचं ठरलंय. मामंजींनी साक्षीदारासमोर कबूल केलंय."

त्या दिवसापासून नानांच्या मनात बसलं, की पोरीला कुणीतरी कायदा शिकवून पाठवलेलं आहे.

*

त्याच संध्याकाळी ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहिलं. सुमती. सगळ्यांना पेढे वाटले. तेवढ्यात कुणीतरी सहज विचारलं, "आणि कासवाला काय म्हणतात?"

"दामोदर," मामा म्हणाले.

नानांच्या कैलासवासी वडिलांचं नाव दामोदरपंत. त्यांची तसबीर समोरच्या भिंतीवर होती.

माई म्हणाल्या, "या घरात आल्यापासून मी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. आता त्या नावानं हाक मारून कासवाला पाला घालू?"

मग पुन्हा ताट आणलं, पुन्हा तांदूळ पसरले आणि नानांनी स्वतः लिहिलं, शंभू. एकाच दिवशी दोघांची नावं बदलली. पोरीनं स्वतःचं मुकाट्यानं घेतलं होतं. कासवाचं बदललं तेव्हा मात्र तिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाईट वाटलं. आईनं ठेवलेलं नाव असणार.

पाहुणे गेल्यावर नाना माझ्या कानाशी आले. "विष्णुपंत, मामानं हे नाव मुद्दाम ठेवलं असेल का हो?"

"नाना, कासव मुलीपेक्षाही थोरलं आहे म्हणतात. तेव्हा त्यांची तुमची ओळख तरी होती का?"

"तेच म्हणतो मी," नाना म्हणाले. "एवढ्या आधीपासून तयारी."

*

पहिलं घर म्हणजे रॉकेलच्या डब्यांचं रिकामं खोकं. ते माजघरात भिंतीला लावून ठेवलं. वर झाकण नव्हतं, आणि झाकण हवं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

फौजदारानं आधी लांबून पाहिलं. मग जवळ जाऊन हुंगलं. मग खोक्यात उतरून पंजानं एक थापटी मारली. हा दगडच आहे अशी खात्री पटल्यावर तो त्याच्यावर ऐसपैस बसला. थोड्या वेळानं दगड चालू लागला.

फौजदार जो माळ्यावर गेला तो जेवणाच्या वेळेलाही उतरला नाही. माईंनी खालून किती हाका मारल्या. "भेदरवलंन माझ्या लेकराला," त्या म्हणाल्या.

पण बोका तो बोका. दुसऱ्या दिवशी तो परत आला, आणि या खेपेस पाय बाहेर यायची वाट बघत बसला. दुपारी कासवाच्या पुढच्या पायाला रक्त दिसलं. सुनेनं त्यावर हळद दाबली. घरकामाला येणारी भागी ते माईंना सांगायला गेली. "माई, पोर जेवली नाय गो. पान तसाच हाय. कासवाच्या पायाला बोक्यानं ओरबाडलाय."

नानांनी चौकशी बसवली. बोक्याला पंजा मारताना पाहिलं कुणी? कुणीच पाहिलं नव्हतं. मग नाना स्वतः खोक्यात वाकले आणि आतल्या बाजूनं वर आलेला एक खिळा त्यांनी शोधून काढला. "कासव या खिळ्याला घासलं नसेल कशावरून?"

संशयाचा फायदा देऊन फौजदाराला सोडण्यात आलं. नानांनी कुणाला संशयाचा फायदा दिलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

*

पोर आपली बाजू मांडायला कधी पुढे येत नसे, पण हटायचीही नाही. तिनं भागीकडून निरोप पाठवला, की पेटी मोठी हवी, फळ्या उंच हव्यात, आतून खिळा नको आणि तळाला कोरडी वाळू हवी. सुतारानं फणसाच्या फळ्यांची पेटी करून दिली. सावित्रीच्या काठची वाळू आणून, उन्हात वाळवून तिच्यात पसरली. सकाळचं ऊन ओसरीच्या कोपऱ्यात येतं म्हणून पेटी तिथे, म्हणजे माझ्या मेजाशेजारी आली. माझी काही हरकत नव्हती. कासव माझ्या गादीवर झोपत नसे.

चारदोन दिवसांत ओसरीवर वास येऊ लागला.

नानांनी प्रथम कासवाला धरलं. त्याला घंगाळात बसवून धुतलं. वास गेला नाही. मग मोरीचा संशय आला. मोरी घासून झाली. मग पक्षकारांच्या वहाणा अंगणाच्या कडेला काढायचा हुकूम निघाला. वास होता तिथेच. शेवटी एका सकाळी नाना माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "विष्णुपंत, आंघोळ रोज होते ना?"

हा अपमान मी गिळला. त्याच दिवशी एका दाव्यात तडजोडीसाठी समोरच्या पक्षाचे वकील ओसरीवर येऊन बसले होते. बोलणं रंगात आलेलं. एवढ्यात मनी आतून आली, पेटीच्या काठावर चढली, वाळूत उतरली, पंजानं सावकाश एक खळगा केला आणि त्यावर बसून दोन्ही वकिलांकडे गंभीरपणे पाहत राहिली.

"मुद्देमालासकट सापडली," नाना म्हणाले.

समोरचे वकील नाकाला उपरणं लावून म्हणाले, "साक्षीला मी येतो."

माईंनी दाराआडून बाजू घेतली. "तिची काय चूक? एवढी मऊ वाळू घरात आणून पसरलीत. तिला वाटलं आपल्यासाठीच केलंय." वाळू काढून पेटीत पेंढा घातला. नानांनी माझी माफी मागितली नाही, आणि मीही तशी अपेक्षा केली नव्हती.

*

पेंढ्यावर कासव खूश होतं, पण आता पक्षकार बिथरले.

कशेडीच्या बाजूचा राघू म्हणून एक शेतकरी होता. बांधाची केस. एक दिवस तारीख पुढे गेल्यावर तो ओसरीवर येऊन बसला आणि बराच वेळ पेटीकडे बघत राहिला.

"साहेब, राग धरू नका. पन ह्या कासवाला भायेर ठेवा. हा घरात आल्यापासनं आमची तारीख फुडं फुडं चाललेय."

"अरे, तुझी केस तुझ्या बापाच्या वेळेपासून चालू आहे," नाना म्हणाले. "तेव्हा कुठे होतं कासव?"

राघूनं डोकं खाजवलं. "तवा पन तो व्हताच की, साहेब. कासव लय वर्सं जगतो. कुटंतरी बसून आमच्या केसवर नजर ठेवून असंल."

ही गोष्ट बाजारात पसरली. माणसं पायरीपर्यंत येऊन आत डोकावायची, पेटी दिसली की पलीकडच्या आळीतल्या वकिलाकडे जायची. नाना चिंतेत पडले. उलट ज्यांना आपली केस लांबवायची होती ते आवर्जून यायला लागले. आले की नानांना नमस्कार करायच्या आधी पेटीपाशी जायचे आणि कासवापुढे माठाची जुडी ठेवायचे.

*

पेटी ओसरीवरून हलली. पण माजघरात ती मावेना, आणि पेंढ्यात मांजरं लोळायला लागली. मग माळ्यावरची एक रिकामी कणगी खाली उतरवली. कणगी म्हणजे भात साठवायचा बांबूचा मोठा हारा, आतून-बाहेरून शेणानं सारवलेला, उबदार. ही बसकी होती, कमरेएवढी. तोंडावर सूप झाकलं की मांजरांची वाट बंद. निदान सुनेला तसं वाटलं.

मनीचे दिवस भरत आले होते. एका सकाळी मनी कुठे दिसेना.

माई भागीला म्हणाल्या, पण आवाज माजघरापर्यंत जाईल असा, "काल कुणीतरी तिला फुंकणी उगारली होती. मी बघितलंय."

सुनेनं कणगीवरचं सूप बाजूला पडलेलं पाहिलं. आत वाकून पेंढ्याकडे पाहिलं, तर कासव दिसेना. तीही भागीलाच म्हणाली, आणि आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा, "सूप कुणीतरी मुद्दाम काढून ठेवलंय."

भागी मध्ये उभी. "माझ्याकडं बघून नका बोलू गो. मी आता तर आलंय."

दोघी दोन बाजूंनी कणगीपाशी आल्या. सुनेनं पेंढा उपसला. खाली मनी अंग टाकून पडली होती, पोटाला पिलं लागली होती, आणि कासव त्यांना टेकून मान आत घेऊन बसलं होतं. एक पिलू त्याच्या पाठीला डोकं लावून झोपलेलं. दोघींची डोकी कणगीच्या तोंडाशी जवळजवळ एकमेकींना लागली होती.

"बोका पिलं खातो," माई म्हणाल्या. "त्याच्या भीतीनं आली असेल इथं."

"हं," सून म्हणाली.

लग्नापासून तोवर दोघींचं भागीवाचून झालेलं हे पहिलं बोलणं. मांजर पिलांना सात घरं दाखवतं म्हणतात. मनीनं मात्र त्या कणगीत ठाण मांडलं, आणि घरं बघायची वेळ आली कासवावर.

*

आषाढ जवळ आला. पहिल्या आषाढात सासू-सुनेनं एकमेकींचं तोंड बघायचं नाही, म्हणून सून माहेरी जाते. मामांनी न्यायला यायचं कबूल केलं होतं. पण घाटात दरड कोसळली, आणि चालत आलेला एक माणूस निरोप देऊन गेला, की गाडी येणार नाही. पोर अडकली.

आता काय करायचं? माईंनी तोड काढली. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक जुनं लुगडं आडवं बांधलं. अलीकडे सून, पलीकडे सासू. तिकडून ताट लुगड्याखालून सरकायचं, इकडून उष्टं ताट परत जायचं. कुणी हलायच्या आधी खोकायचं. नानांना यातही शंका. ते मध्येच येऊन लुगड्याला कुठे भोक पडलंय का ते बघायचे.

गंमत अशी, की तोंड दिसेनासं झाल्यावर दोघी बोलायला लागल्या. आधी मिठाचं, मग भाताचं, मग सुनेच्या आईचं. मी ओसरीवर लिहीत असायचो. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येई.

पण कासवाचे हाल होते. देशावरच्या कोरड्या हवेतलं जनावर ते. इथल्या ओलीत त्याचं नाक गळायला लागलं, खाणं सुटलं. कणगी पिलांकडे, पेटीला बुरशी, जमिनीवर ठेवावं तर फौजदार. पोर त्याला दिवसभर पदराखाली मांडीवर घेऊन बसायची. "हे गेलं तर माझं तिकडचं काहीच राहायचं नाही," असं ती एकदा भागीला म्हणाली आणि रडली. लुगडं काही भिंत नव्हे. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगड्याच्या अलीकडे, चुलीच्या भिंतीला लागून, दुधाचं जाळीचं कपाट उभं होतं. मांजरांपासून दूध राखायला माईंनी नानांच्या मागे लागून केलेलं कपाट ते. दाराला कडी, तिन्ही बाजूंना जाळी, वारा खेळेल पण पंजा जाणार नाही. आतून पुसून घेतलेलं, खालच्या फळीवर कोरडं गवत, आणि मागच्या भिंतीतून चुलीची ऊब.

नानांनी विचारलं, "कपाट कुणी दिलं?"

"दिलं कुठे? स्वयंपाकघरात ओल येत होती म्हणून सरकवलं," लुगड्याआडून माई म्हणाल्या.

"चुलीशेजारी ओल?" नानांनी डोळे बारीक केले.

दूध पूर्वीसारखं शिंक्यावर टांगलं गेलं. फौजदारानं शिंकं कधीच जिंकलेलं होतं. त्या दिवशी दुपारी नानांच्या पुढे काळा चहा आला.

"यात दूध का नाही?"

"करा तपास," माई म्हणाल्या.

*

कासव जगलं. दिवाळी झाली, घाट मोकळा झाला आणि मामा बैलगाडी घेऊन आले. पोर लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली. दत्तू मुंबईलाच होता.

आता नानांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्याकडे नांदवण्याचे दावे फार येत. नवरा मुंबईला गिरणीत, बायको चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेलेली आणि परत न आलेली. असल्या चार दिवसांच्या कहाण्या मी स्वतः कितीतरी लिहिल्या होत्या. त्या बायकांनी जाताना काय काय बरोबर नेलं, हे नाना प्रत्येक दाव्यात आधी विचारत.

मामांनी ओसरीवर झाकणाची टोपली ठेवली. नानांनी तिच्याकडे पाहिलं.

"ही कशाला?"

"कासवाला. ते तिच्याबरोबरच असतं."

नाना गादीवर सरळ बसले. "कासव इथं राहील."

"का म्हणून?"

"परत येणाऱ्या माणसाला सगळं घेऊन जायचं कारण नाही. ती येईपर्यंत ते जामीन समजा."

मामांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "मुलगी दिलीय तुम्हांला. तारखेला हजर करायला ती आरोपी आहे काय?" नाना हटेनात. माई दारात उभ्या होत्या. मला नानांचा फार राग आला. त्या पोरीजवळ आईची म्हणून एवढी एकच वस्तू होती, आणि मांजरांच्या घरात ती मागे टाकून जायची म्हणजे काय, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. सहा महिने दुसरं काही चाललंच नव्हतं त्या घरात.

तेवढ्यात सून बाहेर आली. सासऱ्यापुढे ती कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. डोक्यावरून पदर, हातात कासव. तिनं ते नेऊन जाळीच्या कपाटात ठेवलं, कडी लावली आणि परत ओसरीवर आली.

"ठेवते," ती म्हणाली. "पण मनी माझ्याबरोबर येईल."

नानांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मनी? ती कशाला?"

"मी येईपर्यंत कासवाला काही होऊ नये म्हणून."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. याला कुठलं कलम लागतं असं विचारायचं असावं. मी शाई ढवळत बसलो.

माई आत वळल्या. आता काय ऐकावं लागणार म्हणून मामा गाडीकडे सरकले. आत भांड्यांचा आवाज झाला. थोड्या वेळानं माई बाहेर आल्या त्या मनीला काखेत घेऊन. त्यांनी तिला टोपलीत ठेवलं, झाकण लावलं, सुतळी बांधली आणि पानात बांधलेला दहीभात सुनेच्या हातात दिला.

"हा तुला. तिला दूधच घालायचं, ताक चालत नाही. घाटात वारं गार असतं, टोपली मांडीवर घे. गाडीच्या फळीवर ठेवू नकोस."

सून वाकून पाया पडली. "संध्याकाळी त्याला आत घेतल्यावर कडी लावायची," ती म्हणाली. "माठाचे देठ काढून टाकायचे."

"माहीत आहे मला," माई म्हणाल्या. "आषाढापासून कोण काढतंय?"

गाडी गांधारीच्या पुलाकडे वळेपर्यंत टोपलीतून मनीचं ओरडणं ऐकू येत होतं. नाना अंगणात उभे होते. चेहरा सगळा दावा हरल्यासारखा.

"आणि समजा," ते म्हणाले, "ती आलीच नाही परत, तर?"

"तर मनीला आणायला मी जाईन," माई म्हणाल्या आणि कासवाला बघायला आत गेल्या.